लाज कोणाची, शरम कशाची?

आपल्या भागातील मराठी लेखनात एक अनिष्ट सवय रुळली आहे आणि तिच्याविरुद्ध स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. पात्राने कोणत्याही कारणाने मान खाली घातली की लेखक डोळे मिटून 'शरमेने' हे क्रियाविशेषण लावून मोकळे होतात. नवी नवरी शरमेने बोलते, हिशेबात चूक सापडलेला कारकून शरमेने बोलतो आणि पंगतीत दुसऱ्यांदा भाजी मागणारा पाहुणाही शरमेनेच बोलतो. शरम इतकी स्वस्त मराठीत कधीच नव्हती.

नवरी लाजते, तिच्या हातून काही अपराध घडलेला नसतो. पाहुणा संकोचतो, संकोच कृतीच्या आधी येतो आणि हात आखडून धरतो. चूक उघडी पडलेला कारकून ओशाळतो किंवा खजील होतो. वडीलधाऱ्यांनी खडसावल्यावर ताठा सोडतो तो वरमतो. दोघांच्या भांडणात नाहक सापडलेला तिसरा कानकोंडा होतो. अनोळखी रीतीपुढे कसे वागावे हे ज्याला उमजत नाही तो अवघडतो. शरम वाटते ती स्वतःचा दोष मनाला टोचतो त्याला.

परक्या शब्दांवर आमचा राग नाही. शरम फारसीतून आली, खजील अरबीतून, संकोच संस्कृतातून. निजामी अमलात मराठी, तेलुगू व उर्दू एकाच अंगणात ऐकत वाढलेल्या घरांना या मिश्रणाचे वावडे कसे असेल? तेलुगूत 'सिग्गु' या एका शब्दात लाज आणि शरम दोन्ही येतात, आणि तेलुगू लेखक संदर्भाने भेद राखतो. आपल्यापाशी वेगवेगळे शब्द असताना ते न वापरणे हा निव्वळ आळस होय.

काही तरुण मित्र म्हणतात, क्रियाविशेषणे मुळातच गाळावीत. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांनी 2000 साली 'ऑन रायटिंग' या पुस्तकात त्यांच्यावर सडकून टीका केली, हे खरे. पण ती टीका इंग्रजीपुरती होती. इंग्रजीत असे क्रियाविशेषण बहुधा विशेषणाला प्रत्यय जोडून होते. 'ओशाळून', 'वरमून', 'अवघडून' ही आपली रूपे धातूंपासून झालेली आहेत. 'तो वरमून बसला' यात दोन क्रिया आहेत: आधी वरमणे, मग बसणे. 'वरमून' गाळले तर अर्धी घटनाच गळते. 'लाजत म्हणाली' आणि 'लाजून म्हणाली' यांतही फरक आहे. पहिल्यात लाज बोलण्याच्या बरोबरीने चालते, दुसऱ्यात ती आधी येऊन जाते.

हा शब्दांचा खेळ आहे असे कोणी म्हणेल. आमची हयात सरकारी कचेरीत गेली. खुलाशात 'नजरचुकीने' लिहिले आहे की 'हेतुपुरस्सर', एवढ्यावर तेथे माणसाची नोकरी टिकते किंवा जाते. साहित्यातही क्रियाविशेषण असाच निवाडा करीत असते.

आपल्या घराण्यांच्या आठवणी लिहिताना तर हे फारच जपावे लागते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, उरलेला आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि 2014 साली तेलंगणात आला. तेव्हा आपली घराणी कित्येक पिढ्या या मातीत रुजलेली होती. मराठीत शिकलेल्या शेतकऱ्यापुढे तेलुगू अर्ज आला आणि तो त्याने शेजाऱ्याकडून वाचून घेतला, असा प्रसंग आपल्या घरोघरी सांगितला जातो. 'त्याने शरमेने अर्ज पुढे केला' असे आपण लिहितो तेव्हा अपराध त्याच्या माथी मारतो. त्याने कोणता गुन्हा केला होता? 'अवघडून' लिहिले की वाचकाची नजर त्या माणसावरून उठून त्या परिस्थितीकडे जाते, आणि न्यायाने ती तेथेच जावयास हवी.

म्हणून लिहिणाऱ्यांनी शब्द निवडण्यापूर्वी स्वतःला विचारावे: दोष घडला आहे काय? असल्यास कोणाचा? पाहणारा कोण आहे? आणि संपादकांस आमची विनंती आहे की 'शरमेने' दिसताच त्यांनी लेखकाकडून खुलासा मागवावा. ज्या पूर्वजांनी कसलाही गुन्हा केला नाही, त्यांना नातवंडांच्या लेखणीने तरी शरमिंदे करू नये.