मनाचा आजार आणि आपला निवाडा

बऱ्याच वर्षांपूर्वीं माझ्या दहावीच्या वर्गांत एक हुषार मुलगा होता. सहामाहीनंतर तो एकाएकीं अबोल झाला. शेवटच्या बांकावर जाऊन बसूं लागला. प्रश्न विचारला तर भिंतीकडे पाहून हंसूं लागला. मीं त्याच्या प्रगतिपत्रकावर ‘आळशी व उर्मट’ असा शेरा मारला. पुढें दोनतीन वर्षांनीं त्याला स्किझोफ्रेनिया झाल्याचें निदान झालें. शेजारी म्हणाले, ‘गांजा ओढला असेल.’ नातेवाईक म्हणाले, ‘आईच्या लाडांचें फळ.’ घरचीं माणसें म्हणालीं, ‘बाहेरचें कांहीं लागलें.’ माझ्या शेऱ्यासह हे चारही निवाडे पुराव्यावांचून दिलेले होते. प्रस्तुत लेख त्या शेऱ्याचें प्रायश्चित्त समजावें.

‘स्किझोफ्रेनिया’ हें नांव स्विस वैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनीं १९०८ सालीं सुचविलें. मराठींत त्यास छिन्नमनस्कता म्हणतात. त्यावरून एका देहांत दोन माणसें वसतात असा समज होतो. तो चुकीचा आहे. रोग्यास नसलेले आवाज ऐकूं येतात, निराधार संशय खरे वाटतात, विचारांची सांखळी तुटते व उत्साह मावळतो. ज्यास आपण आळस म्हणतों, तें पुष्कळदां या आजाराचें लक्षणच असतें. जगांत सुमारें ३०० माणसांमागें एकास हा आजार आहे.

त्यामागील रसायनांचा शोध लागण्यांत आपल्या देशाचाही वांटा आहे. सर्पगंधेच्या मुळीचा वेडावर व रक्तदाबावर गुण येतो, हें कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. १९५२ सालीं त्या मुळींतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. त्याच सालीं पॅरिस येथें झां दले व पिएर दनिकेर यांनीं क्लोरप्रोमाझिन या औषधानें क्षुब्ध रोगी शांत होतात असें दाखविलें. १९५७ सालीं स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनीं रिसर्पिन देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोंचलें, तेव्हां ते पुन्हां हिंडूं लागले. एल-डोपापासून मेंदू डोपामाइन बनवितो. क्लोरप्रोमाझिनसारखीं औषधें डोपामाइनचा संदेश पोंचूं देत नाहींत, हेंही पुढें स्पष्ट झालें. कार्लसन यांना २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

उलट बाजूनेंही साक्ष मिळाली. अँफेटामिनच्या गोळ्या मेंदूंतील डोपामाइन वाढवितात. त्या अति घेणाऱ्यांस आवाज ऐकूं येतात, कोणी पाठलाग करीत आहे असें वाटतें. लंडनचे फिलिप कॉनेल यांनीं १९५८ सालीं याचें सविस्तर वर्णन केलें. स्वीडनमध्यें सैन्यभरतीच्या ४५,००० हून अधिक तरुणांचा पंधरा वर्षें मागोवा घेण्यांत आला. भरतीपूर्वीं पन्नासाहून अधिक वेळां गांजा-चरस घेतलेल्यांत हा आजार सुमारें सहापट आढळला, असें १९८७ सालीं प्रसिद्ध झालें. पुढील अभ्यासांत हें प्रमाण कमी भरलें, परंतु संबंध मिटला नाहीं.

मग शेजाऱ्यांचा निवाडा खरा मानावयाचा काय? मुळींच नाहीं. १८९३-९४ सालीं हिंदुस्थानांतील गांजा-भांग चौकशी कमिशननें वेड्यांच्या इस्पितळांचीं दप्तरें तपासलीं, तेव्हां खरें कारण ठाऊक नसतांही पुष्कळ रोग्यांच्या नांवापुढें ‘गांजा’ असें लिहिलेलें आढळलें. माझा शेरा त्याच जातीचा! गांजा ओढणाऱ्या बहुतेकांस हा आजार होत नाहीं, आणि त्यास कधींही न शिवलेल्या पुष्कळांस होतो. अगदीं सारख्या जुळ्यांपैकीं एकास तो झाला, तरी दुसऱ्यास होण्याचा संभव निम्म्याच्या आसपासच असतो. यावरून आनुवंशिकतेचा हात मोठा, पण एकटा नव्हे, हें उघड आहे. ‘आईच वेड लावते’ हें मत तर विद्वानांनींही एके काळीं मानलें व पुढें टाकून दिलें.

मुलांनो, आपल्या मेंदूचा वारसा काय आहे हें तुम्हांपैकीं कोणासही ठाऊक नाहीं. मित्राला सोसलें तें मला सोसेल, हा हिशेब येथें चालत नाहीं. म्हणून गांजाला व नशेच्या गोळ्यांना शिवूं नका.

पालकहो, आपलें मूल बदललें तर दोष शोधण्याआधीं मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. कोणी म्हणतात, ‘औषधही रसायनच, मग नशेंत व त्यांत भेद काय?’ भेद मापाचा, हेतूचा व देखरेखीचा आहे. औषधानें जडपणा येतो, वजन वाढतें, कधीं हात कांपतात. हें डॉक्टरांस सांगावें, परंतु आपल्या मतानें औषध बंद करूं नये. तें आवाज शमवितें. गेलेला उत्साह मात्र पुरता परत आणीत नाहीं. तेथें माणसांचें काम सुरू होतें.

तो मुलगा आज औषध घेतो व भावाच्या दुकानांत हिशेब लिहितो. भेटला म्हणजे नमस्कार करून ‘सर, बरे आहांत ना?’ असें तोच मला विचारतो. हा प्रश्न त्या वर्षीं मीं त्याला विचारावयास हवा होता.