सवलत दहावीला, निदान कधी?

खर्डा (ता. जामखेड) : अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्राने १९९६ मध्येच प्रारंभ केला. केंद्राच्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश होण्यास २०१६ उजाडले. दर तासाला २० मिनिटे जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक या सवलती आज नियमात आहेत. मात्र त्या मिळवण्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र लागते आणि ग्रामीण विद्यार्थ्याची खरी परीक्षा तेथूनच सुरू होते.

अंधत्व वा अस्थिव्यंग घरच्यांच्या नजरेस पडते. वाचन, लेखन आणि गणितातील अक्षमता मात्र दिसत नाही. बुद्धी चांगली असूनही अक्षरे न जुळणारे मूल 'ढ' किंवा आळशी ठरते. माध्यमिक शाळेत विषय व लेखन वाढले की ते मागे पडते आणि शाळा सुटण्याची भीती निर्माण होते.

खर्ड्याहून अहिल्यानगर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. निदानासाठी बालरोगतज्ज्ञ व मानसतज्ज्ञ यांची तपासणी, बुद्धिमापन आणि शैक्षणिक चाचण्या आवश्यक असतात. त्यासाठी एकाहून अधिक खेपा घालणे म्हणजे पालकांची मजुरी बुडणे. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना तर हंगामात हे जवळजवळ अशक्यच.

म्हणूनच दहावीच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा प्राथमिक शाळेतच अडचण ओळखणे हिताचे आहे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये उपलब्ध केलेल्या 'दाली' या चाचण्या मराठीतही असून त्या पहिली ते पाचवीच्या मुलांसाठीच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा, तर माध्यमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये समूह साधन केंद्रांसाठी विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांना मान्यता दिली. ही पदे कागदावरून वर्गापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे आहे.

मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतून माध्यमिक शाळेत जाताना त्याच्या अडचणीची नोंदही दाखल्यासोबत गेली आणि तपासणी शिबिरे तालुक्यात भरली, तर अनेकांची परवड टळेल. जादा वेळ परीक्षेच्या दिवशी उपयोगी पडतो. मात्र त्याआधीची गमावलेली वर्षे कोणतीही सवलत भरून देऊ शकत नाही.