अन्नसाहाय्य आणि अर्ध्या भाड्याचा वाद

वॉशिंग्टन महानगरातील मेट्रो रेल्वे व बससेवेने जून २०२३ मध्ये ‘मेट्रो लिफ्ट’ ही योजना सुरू करून अन्नसाहाय्य घेणाऱ्यांना निम्म्या भाड्यात प्रवासाची मुभा दिली. अशा योजनांवर जो आक्षेप मोठ्या आत्मविश्वासाने घेतला जातो, तो थोडक्यात असा : ज्याच्या पोटाची सोय सरकारने केली, त्याने निदान प्रवासाचा खर्च तरी स्वतः सोसावा, एकाच ताटात दोनदा वाढून घेणे हा हक्क नव्हे, सवलतीने तिजोरी खंगते, लबाडी बोकाळते आणि काम करण्याची इच्छाच मरते.

यातील दुहेरी लाभाचा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत पोकळ असल्यामुळे त्याचा सविस्तर समाचार घेणे भाग आहे. ‘स्नॅप’ या नावाने ओळखला जाणारा अमेरिकेचा अन्नसाहाय्य कार्यक्रम १९६४ च्या कायद्यातून वाढला असून, त्यात पात्र कुटुंबाच्या कार्डावर दरमहा ठरावीक रक्कम जमा होते. परंतु ती रोख म्हणून वापरता येत नाही, मान्यताप्राप्त दुकानांत खाद्यपदार्थांसाठीच चालते, आणि त्याच दुकानात गरमागरम मिळणारी भाजलेली कोंबडी, अंगाचा साबण किंवा बाळाचे डायपर त्या कार्डावर घेता येत नाहीत. जे कार्ड साबणाला चालत नाही ते बसच्या तिकिटाला चालत असावे, अशी आक्षेपकांची समजूत दिसते. एरवी ज्या पैशातून भाडे देताच येत नाही, त्या पैशाकडे बोट दाखवून सवलत नाकारण्याचे धाडस त्यांनी केले नसते.

गंमत पुढेच आहे. ज्या धडधाकट प्रौढांवर लहान मुलांची जबाबदारी नाही, त्यांना, सूट मिळालेल्यांचा अपवाद वगळता, महिन्याला ८० तास काम वा प्रशिक्षण दाखवता आले नाही तर ३६ महिन्यांत केवळ ३ महिने हे साहाय्य मिळते. हे ८० तास पाच-पाच तासांच्या पाळ्यांत भरायचे म्हटले, तर १६ दिवस घराबाहेर पडावे लागते, म्हणजे जाण्यायेण्याच्या ३२ फेऱ्या होतात, आणि बसचे पूर्ण भाडे २.२५ डॉलर धरल्यास अट पाळण्याचाच खर्च ७२ डॉलरवर जातो. कामाची अट डोक्यावर ठेवायची, कामावर पोहोचण्याच्या भाड्यात सवलत दिली की नाक मुरडायचे, आणि वर सवलतीने कामाची इच्छा मरते असे बजावायचे, हा तर्क आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी या जातीचा आहे.

तिजोरीच्या चिंतेला उत्तर एवढेच की, भाडे परवडत नाही म्हणून जो गाडीत चढलाच नाही, त्याचे पूर्ण भाडे बुडाले असे म्हणता येत नाही. लबाडीबद्दल बोलायचे, तर या लाभार्थ्यांचे उत्पन्न अन्नसाहाय्य देतानाच तपासलेले असते.

हा सूर अर्थातच जुना आहे. साहाय्य कागदी कूपनांतून मिळत असे, तेव्हा ती गल्ल्यावर मोजून देताना रांगेतल्या नजरा झेलाव्या लागत, आणि या संकोचातच गरिबीचे औषध पाहणारे पंडित तेव्हाही होते. कूपने जाऊन कार्डे आली, तरी औषधाची चिठ्ठी बदललेली नाही. दुसऱ्या टोकाला सर्वांनाच प्रवास फुकट करा म्हणणारे आहेत. त्यांचे मन मोठे, परंतु सर्वांना फुकट नेण्याचा खर्च कोण उचलणार हे विचारले की त्यांचे उत्तर आखडते.

मंडनाचा मुद्दा सरळ आहे. उत्पन्नाची छाननी एकदा झालेली असताना गरिबाला पुन्हा दाखल्यांसाठी हिंडवणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. अन्नसाहाय्याची नोंद हीच पात्रतेची खूण मानली, तर नवे दप्तर उघडावे लागत नाही. बोस्टनमध्ये अशाच लाभार्थ्यांना निम्मे भाडे देऊन झालेल्या अभ्यासात त्यांच्या फेऱ्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्या आणि वाढीव प्रवासात दवाखाने व सामाजिक सेवांकडे जाणे अधिक होते. तेथील वाहतूक संस्थेने २०२४ मध्ये सवलत लागू केली. या खुणेने उत्पन्नाची मर्यादा थोडक्यात ओलांडणारे बाहेर राहतात हे खरे; सिएटलने २०१५ पासून दारिद्र्यरेषेच्या दुप्पट उत्पन्नापर्यंत सवलत देऊन त्यावरील वाट दाखवली आहे.

तेव्हा ही सवलत दयेची नाही. सार्वजनिक व्यवस्थेने घातलेल्या अटीचा निम्मा खर्च सार्वजनिक व्यवस्थेनेच उचलणे, एवढाच तिचा अर्थ आहे. उरलेला निम्मा गरीब स्वतःच्या कमाईतून भरतो, आणि आक्षेपकांना फुकटेपणा दिसतो तो नेमका या पैसे मोजणाऱ्या माणसात.