चालण्याने दुःख बरे होते काय?

शेरिल स्ट्रेड यांच्या ‘वाइल्ड’ (२०१२) या आत्मकथनावर जाँ-मार्क वाले यांनी २०१४ साली काढलेला चित्रपट मूळ पुस्तकाशी प्रामाणिक आहे, असा निर्वाळा वारंवार दिला जातो. प्रसंग बहुतांशी पुस्तकातलेच आहेत, हे आम्हांसही मान्य आहे. तरीही आमचे म्हणणे असे की, या चित्रपटाने पुस्तकाचा अर्थ फिरवला आहे. आणि तो अशा दिशेने, जिची सध्या बाजारात मोठी चलती आहे. चाला, म्हणजे बरे व्हाल.

हकिकत थोडक्यात अशी. १९९१ साली, शेरिल २२ वर्षांची असताना, तिची आई फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. निदानापासून मृत्यूपर्यंत सात आठवडे. आईचे वय ४५. त्यानंतर घर पांगले, लग्न मोडले, हेरॉइन आले. १९९५च्या उन्हाळ्यात ही मुलगी एकटीच पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर निघाली आणि मोहावे वाळवंटापासून ऑरेगन-वॉशिंग्टनच्या सीमेवरील ‘ब्रिज ऑफ द गॉड्स’ या पुलापर्यंत ९४ दिवसांत सुमारे ११०० मैल चालली.

आता रचना पाहा. पुस्तकात आईचा मृत्यू पहिल्याच प्रकरणात, सलग आणि संपूर्ण सांगून होतो. वाचकापासून काहीही राखून ठेवलेले नाही. पुढची वाटचाल हे दुःख माहीत असलेल्या वाचकाबरोबरची आहे; तिच्यात उकलायचे असे रहस्य नाही. चित्रपट नेमके उलट करतो. आईचे आजारपण तो तुकड्यातुकड्यांनी, चालण्याच्या मध्ये पेरत नेतो. पाऊल पडते, आठवण येते. आणखी थोडे चालले की आणखी खोलची आठवण येते. वाले यांचे संकलनातले कौशल्य आम्ही नाकारत नाही. गाणी तिच्या डोक्यात पुटपुटल्यासारखी अर्धवट ऐकू येतात, ही कल्पना तर फारच सुंदर. पण या मांडणीमुळे पायवाट ही उपचाराची खोली होते आणि प्रत्येक मैल ही एक बैठक.

आत्मचरित्र शिकवताना आपण भोगणारा ‘मी’ आणि लिहिणारा ‘मी’ असा भेद करतो. येथे त्या दोहोंत १७ वर्षांचे अंतर आहे. चालताना शेरिलच्या वाट्याला मुख्यतः काय येते? लहान पडणारे बूट, गळून पडलेली नखे, भूक, आणि पुढच्या टपाल-कचेरीत पोहोचेपर्यंत रिकामा खिसा. प्रत्येक खोक्यात तिने स्वतःसाठी २० डॉलर ठेवलेले असतात, तेवढेच. त्या भुकेला अर्थ देतात त्या चाळिशीतल्या लेखिका स्ट्रेड. मधल्या काळात त्यांनी आईच्या मृत्यूवर निबंध लिहिले. २००६ साली ‘टॉर्च’ ही कादंबरी लिहिली, तिचा विषयही कर्करोगाने गेलेली आई आणि मागे राहिलेले कुटुंब. पुलापाशी १९९५ साली दुःख बरे झाले असते, तर ११ वर्षांनी ही कादंबरी कशासाठी? चित्रपटाच्या अखेरच्या निवेदनात पुढचे लग्न येते, मुले येतात. लेखन येत नाही.

‘दोन तासांत काय काय दाखवणार?’ हा युक्तिवाद आम्ही ऐकून आहोत. पण काय गाळले, यालाही अर्थ असतो. सावत्र वडील एडी आणि बहीण कॅरन ही दोन माणसे चित्रपटात नाहीत. पुस्तकातले दुःख केवळ मृत्यूचे नाही. मिनेसोटातल्या ४० एकरांवर सगळ्यांनी मिळून उभे केलेले घर, आई जाताच, कोणी मोडले नसताना मोडते. ज्याला वडील मानले तो एडी हळूहळू परका होतो, दुसरा संसार थाटतो. आईच्या म्हाताऱ्या घोडीचा प्रसंग याच पडझडीतून येतो. एडीवर भिस्त ठेवलेली, ती फोल ठरते. पशुवैद्याला द्यायला पैसे नाहीत. शेवटी भाऊ गोळ्या झाडतो आणि घोडी लवकर मरत नाही. तीही पाने वाचणाऱ्याला लवकर सोडत नाहीत. चित्रपटात घोडी आहे, बंदूकही आहे. पण एडीच नसल्यामुळे हा प्रसंग नुसता एक भयंकर आठवणीचा तुकडा होतो. दारिद्र्य आणि माणसांची सोडवणूक, दोन्ही त्यातून निघून जातात. उरते ते मायलेकींचे द्वंद्वगीत. डर्न आणि विदरस्पून ते उत्तम गातात; दोघींना ऑस्कर नामांकनेही मिळाली. मात्र मायलेकींपुरते दुःख पुलावर नेऊन संपवता येते. घर मोडल्याचे दुःख तसे संपवता येत नाही, आणि म्हणूनच ते गाळणे सोयीचे झाले, असा आमचा आरोप आहे.

पुस्तक सर्वस्वी निर्दोष आहे, असे मात्र नव्हे. हरवण्यापासून सापडण्यापर्यंतचा प्रवास त्याच्या उपशीर्षकातच आहे, आणि २०१२ साली ओप्रा विन्फ्रींनी आपले वाचक-मंडळ नव्याने सुरू करताना पहिले पुस्तक म्हणून हेच निवडले, तेही उगाच नव्हे. पण उपशीर्षक मुखपृष्ठावर असते. आत शेरिल पुलाला हात लावून मागे फिरते आणि उरलेसुरले पैसे मोजून आइस्क्रीम घेते. चित्रपट पुलावरच थांबतो. रूपांतराच्या तासाला हा चित्रपट लावायचाच असेल, तर आधी पुस्तकाचे पहिले प्रकरण वाचून घ्यावे आणि नंतर ‘टॉर्च’. मग विद्यार्थ्यांना विचारावे की, एडी कोठे गेला?