आधी मांड, मग लगाम

अश्वारोहण म्हटले की सामान्य जनांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. कमानदार मानेचा, तोंडातून फेस गाळणारा उमदा घोडा आणि त्याचा लगाम मुठीत घट्ट आवळून बसलेला स्वार! मिरवणुकीत असा घोडा दिसला की लोक 'वाहवा' म्हणतात आणि ज्याच्या हातात जोर अधिक तोच खरा घोडेस्वार, असा समज बाळगून घरी जातात. हा समज घोड्यास जाचक व शिकणाऱ्यास घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. घोडेस्वारीचे मर्म स्वाराच्या मनगटात नसून घोड्याच्या तोलात आहे.

हा तोल म्हणजे काय, ते प्रथम पाहू. घोड्याची लांब मान व जड डोके पुढे असल्यामुळे, तो स्वस्थ उभा असताना त्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. निसर्गाने त्याची व्यवस्था तशीच लावून दिली आहे. परंतु पाठीवर मनुष्य बसला की ही व्यवस्था बिघडते. स्वाराची जागा पुढच्या पायांस अधिक जवळ असल्याने त्याच्या वजनाचाही मोठा वाटा पुढेच जातो. अशा घोड्यास तसेच पिटाळले, तर तो पुढे झुकून, लगामावर ओणवून धावतो; वळणावर अडखळतो; आणि कालांतराने त्याचे पुढचे पाय अधू होण्याचा संभव वाढतो. याउलट, मागचे पाय पोटाखाली अधिक आत टाकून, सांधे लववून भार पेलण्यास तो शिकला, तर त्याचा पुढचा भाग हलका होतो, पाठ वर उचलली जाते आणि मान आपोआप कमानदार होते. कमान हे त्या तोलाचे फळ आहे. लगाम ओढून आणलेली कमान म्हणजे वठलेल्या झाडास दोऱ्याने बांधलेली फळेच होत!

हा तोल एका दिवसात साधत नाही. घोड्यास लांब दोरीवर धरून वर्तुळात फिरविणे, यास आपल्या भाषेत 'कावा' असा जुना शब्द आहे. या फिरण्यात त्याच्या पावलांची लय सुधारते. साध्या चालीत चार ठोके ऐकू यावेत, दुडकीत दोन. ही लय बिघडली की तोलही बिघडला, असे खुशाल समजावे. पुढे चालीतून दुडकी, दुडकीतून पुन्हा चाल, असे वारंवार बदल करवितात. अठराव्या शतकात फ्रान्सच्या गेरिनिएर या अश्वविद्याविशारदाने घोड्याचा खांदा किंचित आत घेऊन त्यास तिरपे चालविण्याचा व्यायाम सांगितला. त्याने आतील बाजूचा मागचा पाय बळकट व लवचिक होतो.

परंतु स्वतः डळमळणारा स्वार घोड्यास तोल कसा शिकविणार? व्हिएन्ना येथील स्पॅनिश अश्वारोहण विद्यालयाची परंपरा सोळाव्या शतकापासून चालत आलेली आहे. २०१५ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तेथे नवख्या स्वारास आरंभी दीर्घ काळ रिकीब व लगाम यांवाचून, दोरीवर फिरणाऱ्या घोड्याच्या पाठीवर बसवितात. कारण उघड आहे. ज्याची मांड पक्की नाही, तो स्वतः सावरण्यासाठी लगामाला लोंबकळतो आणि त्याचा प्रत्येक हिसका घोड्याच्या कोवळ्या तोंडास बसतो. मांड पक्की झाली की हात मोकळे व मृदू राहतात.

येथे कोणी म्हणेल की, सामर्थ्यावाचून एवढे बलाढ्य जनावर कह्यात राहील काय? यास डेन्मार्कच्या लिस हार्टेल या महिलेचे उदाहरण पुरेसे आहे. १९४४ साली पोलिओमुळे तिचे गुडघ्यांखालील पाय लुळे पडले. घोड्यावर चढण्या-उतरण्यासही तिला इतरांचे साहाय्य लागे. तथापि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, घोड्याच्या तोलबद्ध चालीची जीत परीक्षा होते त्या 'ड्रेसेज' स्पर्धेत, तिने रौप्यपदक मिळविले. टाच मारण्याचे बळ पायांत नसताना तिने हे केले ते केवळ शरीराच्या सूक्ष्म तोलाने व घोड्याशी जुळलेल्या समजुतीने.

ही विद्या परक्यांचीच आहे असेही नाही. २०२३ च्या सप्टेंबरात चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा व अनुष अगरवाला या चौघांनी याच प्रकारात भारतास सांघिक सुवर्णपदक मिळवून दिले. १९८२ नंतर अश्वारोहणात भारतास मिळालेले हे पहिलेच आशियाई सुवर्ण होय. यांपैकी सुदीप्ती ही इंदूरची कन्या, ही गोष्ट आम्हां महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकांस विशेष आनंदाची वाटावी.

आता थोडे पालकांविषयी. जे आपल्या मुलांस अश्वारोहणाच्या वर्गास घालतात, त्यांतील पुष्कळांचा पहिला प्रश्न असतो, "मुलगा घोडा केव्हा पळविणार?" शिक्षकही मग त्यांच्या समाधानासाठी घाई करतात, आणि त्या घाईची किंमत मुके जनावर मोजते. आमची विनंती अशी की, हा प्रश्न बदलावा. मुलाची मांड स्थिर झाली काय, त्याचा हात हलका आहे काय आणि घोडा त्याच्याखाली मोकळेपणी पावले टाकतो काय, हे विचारावे. विद्यार्थ्यांनीही यापुढे कोठे घोडा पाहिला तर त्याच्या मानेचा डौल तेवढा पाहू नये. त्याचे मागचे पाय कसे पडतात आणि तोंड शांत आहे की वेदनेने वासलेले आहे, हे निरखावे. पाहणाऱ्यांना एवढे कळू लागले, तर आवळलेल्या लगामास 'वाहवा' मिळणार नाही. आणि ती मिळेनाशी झाली की लगाम आवळणारेही आपोआप कमी होतील, अशी आम्हांस आशा आहे.