नाव चुकले तरी चालेल

हिवाळी पाहुणे उतरू लागले की आमच्या मोबाइलवर फोटोही उतरू लागतात. फांद्यांआड अर्धामुर्धा दिसणारा एखादा वटवट्या आणि खाली एवढेच, ‘सर, हा आपल्या जिल्ह्याला नवीन ना? कन्फर्म करा.’ पाठवणाऱ्याचा आनंद आम्हाला कळतो. पण नेमका कुठे दिसला, किती वाजता, आवाज ऐकला का, असे उलट विचारले की उत्तर येते, ‘आठवून सांगतो.’

आपला सगळा जीव नावात अडकलेला असतो. खरे तर नोंदीतला सर्वांत सहज दुरुस्त होणारा भाग म्हणजे नावच.

मोठ्या चोचीच्या बोरू-वटवट्याचेच पाहा. अ‍ॅलन ह्यूम यांना १८६७ साली सतलजच्या खोऱ्यात रामपूरजवळ एक वटवट्या मिळाला. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे या पक्ष्याचा तेवढा एकच नमुना माहीत होता. ही वेगळी जात की दुसऱ्याच बोरू-वटवट्याचे रूप, हा वाद २००२ मध्ये डीएनए तपासणीने मिटवला. जात वेगळी ठरली. मार्च २००६ मध्ये थायलंडमधील लेम फाक बिया येथे, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, पक्ष्यांना कडी चढवताना फिलिप राउंड यांच्या हाती एक चमत्कारिक वटवट्या आला. चोच लांब, पंख आखूड. त्यांनी फोटो काढले, मोजमापे घेतली, दोन पिसे ठेवून घेतली आणि पक्षी सोडून दिला. पिसांतल्या डीएनएने ह्यूमच्या वटवट्याची ओळख पटवली.

त्यानंतर घडले ते अधिक बोलके आहे. इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयात याच पक्ष्याचा आणखी एक नमुना निघाला. तो १८६९ साली उत्तर भारतात मिळवलेला होता आणि ब्लिथचा बोरू-वटवट्या म्हणून पडून होता. आपल्या झुडपांत दर हिवाळ्यात चक्-चक् करणारा तोच ब्लिथचा! नाव साफ चुकले होते. पण ठिकाण आणि साल शाबूत होते, म्हणून शतकाहून अधिक काळाने ती नोंद कामी आली.

रानपिंगळ्याचे नेमके उलटे झाले. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ तो मिळाल्याचा दावा रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांनी केला होता. पक्षी रानपिंगळाच होता, नाव बिनचूक होते. पण नमुना डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याआधीच मिळवलेला होता. तो चोरून त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, तो दावा बाजूला सारला आणि जुन्या अस्सल नमुन्यांवरची ठिकाणे धरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा शहाद्याजवळ पुन्हा दिसला.

म्हणून नेहमीच्या टापूबाहेर एखादा गाणारा पक्षी दिसला, तर मार्गदर्शक पुस्तक किंवा अ‍ॅप उघडण्याआधी वही उघडा. तारीख, वेळ, ठिकाण, अधिवास, अंतर, प्रकाश कसा होता, पक्षी काय करत होता, हे तिथेच लिहा. नाव कळल्यावर डोळ्यांना न दिसलेली भुवईसुद्धा दिसू लागते! वटवट्यांच्या बाबतीत धूसर फोटोपेक्षा मिनिटभराचे ध्वनिमुद्रण मोलाचे, मग ते मोबाइलवरचे का असेना. त्यासाठी रेकॉर्ड केलेली साद वाजवून पक्ष्याला छळू नका. शेपूट झिजलेली, पायात कडे, माणसाची भीती नाही, अशी पिंजऱ्यातून सुटल्याची चिन्हे दिसली तर तीही लिहा. ती लपवल्याने पक्षी रानातला होत नाही. फोटोची मूळ फाइल पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारख्या पाठवलेल्या फोटोतून वेळ आणि ठिकाण गळून पडते, म्हणजे चिठ्ठीच फाटते.

आमच्याकडूनही एक बदल. पुढील अंकापासून ‘अनिर्णित’ असे सदर सुरू करत आहोत. टिपण पूर्ण पण ओळख अपुरी, अशा नोंदी त्यात निरीक्षकाच्या नावासह छापू. जुनी नोंद स्वतःहून मागे घेणाऱ्याचे पत्र त्याच पानावर, तितक्याच मानाने येईल. नुसते नाव आणि फोटो असलेल्या नोंदी मात्र यापुढे परत पाठवू. वाईट वाटून घेऊ नका. आठवण ताजी असेल तोवर टिपण लिहून काढा आणि पुन्हा पाठवा.