मनाची थकबाकी

परभणीजवळील पिंगळीसारख्या गावात कर्जाचा हप्ता थकला की चार जणांना कळते. मनाची थकबाकी मात्र घरातही दिसत नाही. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यांत परभणीही आहे. आशाताई दारी येऊन मनाची विचारपूस करतात. उत्तर बहुधा ठरलेले: ‘सगळे ठीक आहे!’ वास्तविक दोन आठवडे उदासी हटेना, झोप उडाली, कशातच गोडी वाटेना, तर तो आळस नव्हे, आजार असू शकतो. औषधाचा गुण येण्यास काही आठवडे लागतात; बरे वाटताच ते परस्पर बंद करू नये. रात्री-अपरात्रीही १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.